घरचा पोरगा कोच झाला तेव्हा: नेब्रास्का आणि स्कॉट फ्रॉस्टची पाच वर्षं

फक्त वीस दिवस थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. नेब्रास्का युनिव्हर्सिटीनं ११ सप्टेंबर २०२२ ला, रविवारी, आपला फुटबॉल कोच स्कॉट फ्रॉस्ट याला काढून टाकलं. १ ऑक्टोबरनंतर काढलं तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार हे करारातच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं, तरी नाही थांबले. आणि गंमत म्हणजे हाच तो माणूस ज्याच्यासाठी २०१७ च्या डिसेंबरमध्ये अख्खं राज्य दारात तोरण लावून उभं होतं.

(फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवालं, मेस्सीवालं नव्हे. त्यातही कॉलेजचं, म्हणजे शनिवारी होणारं, सीझनला साधारण १२ मॅचचं. त्यातल्या सहा जिंकल्या की सीझनअखेर एक जादा मॅच मिळते, तिला बाउल म्हणतात. इतकं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.)

नवा कोच आला की फॅन उतावळे होतात, त्याला वेळ देत नाहीत, हे सगळेच म्हणतात. हे प्रकरण नीट बघितलं तर मला उलटंच दिसतं. नेब्रास्काच्या लोकांनी नऊ-नऊ मॅच जिंकून देणाऱ्यांना वेळ दिला नाही, आणि जो चार-पाचच्या वर कधी गेलाच नाही त्याला पाच सीझन दिले. दोन्हीच्या मागे कारण एकच. हे लोक कोचची वाट बघतच नव्हते, ते १९९७ सालाची वाट बघत होते.

आधी हे गाव समजून घ्या

नेब्रास्का म्हणजे मक्याचं आणि गुरांचं राज्य, लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, एकट्या पुण्यात याहून जास्त माणसं राहतात. इथे व्यावसायिक फुटबॉलची टीम नाही, बास्केटबॉलची नाही, मोठ्या लीगमधली बेसबॉलची पण नाही. जे काही आहे ते लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम आणि त्यात खेळणारे कॉर्नहस्कर्स, म्हणजे शब्दशः मक्याची कणसं सोलणारे. १९६२ पासून तिथली प्रत्येक मॅच हाउसफुल आहे. मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये इतकी माणसं असतात की ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं गाव तेच होतं. पहिला टचडाउन झाला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, की लोक हातातले लाल फुगे आकाशात सोडायचे, हजारोंनी.

आणि हे प्रेम हवेतलं नव्हतं हो. बॉब डेव्हेनी नावाच्या कोचनं १९७० आणि १९७१ ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं, मग १९७३ ला टॉम ऑस्बर्न आला आणि पंचवीस सीझन बसला. पंचवीस सीझनमध्ये २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, आणि एकही वर्ष असं नाही की नऊपेक्षा कमी मॅच जिंकल्या. १९९४, १९९५, १९९७ ला विजेतेपद. आता विचार करा, १९९७ ला जो माणूस पस्तीस वर्षांचा होता त्यानं कळायला लागल्यापासून आपली टीम वाईट खेळते हे बघितलेलंच नाही. त्याच्यासाठी नऊ विजय म्हणजे यश नव्हतं, ती जमीन होती, जिच्याखाली कोणी जात नाही.

पण ती जमीन कशावर उभी होती हे फारसं कोणी विचारलं नाही. नेब्रास्कानं १९६९ मध्येच बॉइड एप्ली नावाचा माणूस खास वजनं उचलून घ्यायला ठेवला, इतर कॉलेजं तेव्हा म्हणत होती की वजनं उचलून पोरं जड होतात आणि धावता येत नाही. शिवाय स्कॉलरशिप नसलेली गावोगावची धट्टीकट्टी शेतकऱ्यांची पोरं, ज्यांना वॉक-ऑन म्हणतात, ती स्वतःच्या खर्चानं यायची आणि तीन-चार वर्षं घासून घासून तयार व्हायची. खेळायची पद्धत ऑप्शनची, म्हणजे क्वार्टरबॅक, आक्रमण चालवणारा खेळाडू, बॉल घेऊन पळणार आणि आयत्या वेळी ठरवणार की स्वतः ठेवू का बाजूच्याला देऊ. ही पद्धत वर्षभर घोटून घोटून येते आणि समोरच्याला मात्र तिची तयारी करायला आठवडाच मिळतो. आणि मॅचेस टीव्हीवर मोजक्याच दिसायच्या, त्यामुळे ज्या टीम दिसायच्या तिकडे पोरं जायची.

पुढे यातलं एकेक गळत गेलं. १९८४ ला सुप्रीम कोर्टानं टीव्हीवरची बंधनं उठवली आणि हळूहळू सगळेच टीव्हीवर आले. व्यायामशाळा सगळ्यांनीच बांधल्या. २०११ ला नेब्रास्का बिग टेन या लीगमध्ये गेलं, पैसा आला, पण टेक्सासमध्ये नेहमी मॅचेस व्हायच्या आणि तिथून पोरं यायची ती वाट बुजली. स्वतःच्या राज्यात दरवर्षी तयार होणारे चांगले खेळाडू बोटावर मोजण्याइतके. म्हणजे १९९७ ची टीम परत आणायची तर १९९७ चं जग पण आणायला पाहिजे होतं. ते कोणाच्या हातात होतं?

नऊ जिंकूनही घरी

ऑस्बर्ननंतर त्याचाच असिस्टंट फ्रँक सोलिच आला. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव, २००१ च्या सीझनला तर थेट राष्ट्रीय फायनल. २००३ ला ९-३, म्हणजे नऊ विजय आणि तीन पराभव, असताना त्याला काढलं. कारण काय तर प्रोग्राम सुमार होत चाललाय. त्याच्या जागी बिल कॅलाहन आला, व्यावसायिक लीगमधून, त्यानं ऑप्शन मोडीत काढलं आणि २००४ ला ५-६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा सीझन. चार वर्षांत तो गेला. मग बो पेलिनी. तापट माणूस, फॅनांना शिव्या घालतानाचं त्याचं रेकॉर्डिंग पण बाहेर आलं होतं, पण सात सीझनमध्ये दरवर्षी नऊ नाहीतर दहा विजय. त्यालाही २०१४ ला ९-३ वर काढलं. नंतरचा माइक रायली स्वभावानं एकदम उलटा, गोड माणूस, तीन वर्षांत १९-१९, आणि शेवटच्या वर्षी ४-८.

सुमार होऊ नये म्हणून नऊवाल्याला काढलं आणि चौदा वर्षांत चारवर आले, हा हिशोब कोणी मांडला नाही असं नाही. पण मांडणाऱ्याकडे बघायला वेळ कोणाला होता, कारण तेवढ्यात फ्लोरिडातून बातम्या यायला लागल्या होत्या.

पोरगा कोण होता

स्कॉट फ्रॉस्ट लिंकनमध्येच जन्मलेला, वाढला वुड रिव्हरमध्ये, दीड हजारही वस्ती नसेल असं गाव. बाप नेब्रास्काकडून खेळलेला आणि शाळेत कोच, आई १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. पोरगा इतका चांगला की सगळ्यांनी धरून चाललं होतं हा लिंकनलाच येणार, आणि तो गेला कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला. लोकांना ते लागलं. १९९५ ला परत आला तेव्हा सगळ्यांनी काही लगेच मिठी मारली नाही. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये तर घरच्याच मैदानावर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. समोर टीम कोणती होती माहितीये? सेंट्रल फ्लोरिडा, म्हणजे यूसीएफ. नशीब पण कसं जुळवून आणतं बघा, पुढे त्याच कॉलेजचा कोच होऊन तो मोठा झाला.

त्याच सीझनला मिसुरीविरुद्ध शेवटच्या सेकंदाला त्याचा पास एका खेळाडूच्या पायाला लागून उडाला आणि दुसऱ्यानं जमिनीला टेकायच्या आत झेलला, हरलेली मॅच ४५-३८ नं जिंकली. मग ऑरेंज बाउलमध्ये पेटन मॅनिंगच्या टेनेसीला ४२-१७ नं धुतलं, टीम १३-०. तिकडे मिशिगनही अपराजित होतं आणि विजेतेपद तेव्हा मतदानानं ठरायचं, तर फ्रॉस्टनं मॅच संपल्या संपल्या मत देणाऱ्या कोचेसना जाहीर आवाहन केलं. कोचेसच्या मतदानात नेब्रास्का पहिलं आलं, पत्रकारांच्या मतदानात मिशिगन. ऑस्बर्नची ती शेवटची मॅच. म्हणजे या राज्याची शेवटची चांगली आठवण जी आहे, तिच्यात बॉल याच माणसाच्या हातात आहे.

आता यूसीएफ. २०१५ ला ती टीम ०-१२. फ्रॉस्ट गेला, पहिल्या वर्षी ६-७, दुसऱ्या वर्षी एकही मॅच न हरता सीझन. इकडे नेब्रास्का ४-८. सांगा, कोणीही काय केलं असतं? २ डिसेंबर २०१७ ला नेमणूक झाली, सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर. आणि जाताना त्यानं यूसीएफला शेवटची मॅच पण खेळवून दिली, १ जानेवारीला ऑबर्नला ३४-२७ नं हरवून १३-० करून आला. पुन्हा १३-०! लोकांनी तो आकडा कसा वाचला असेल ते सांगायला नको.

पण इथेच पहिली चूक झाली असं मला वाटतं आणि ती एकट्या फॅनांची नाही. यूसीएफच्या लीगमध्ये त्याची पोरं बहुतेकांपेक्षा चपळ होती आणि फ्लोरिडात चपळ पोरं गल्लीत मिळतात. बिग टेनमध्ये समोर विस्कॉन्सिन, आयोवा, म्हणजे दीडशे किलोच्या पोरांची भिंत, थंडी, वारा, आणि चुकीची वाट बघत बसणारे कोच. फ्रॉस्ट तर आल्या आल्या अशा अर्थाचं बोलला की आम्ही बिग टेनला जुळवून घेण्यापेक्षा बिग टेनलाच आमच्याशी जुळवून घ्यावं लागेल अशी आशा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. २०१८ च्या एप्रिलमधली सरावाची मॅच, म्हणजे आपलेच आपल्याशी खेळतात ती, बघायला ८६ हजारांवर माणसं आली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

पाच वर्षं

१ सप्टेंबर २०१८, पहिली मॅच, अॅक्रनविरुद्ध. नव्वद हजार लोक, लाल समुद्र, एक किक झाली आणि विजा कडकडायला लागल्या. मॅच थांबली. लोक भिजत, कुडकुडत तासन् तास थांबले आणि शेवटी रद्दच केली. नऊ महिने ज्याची वाट बघितली ते एका किकवर संपलं. मी शकुनबिकून मानत नाही पण हे कोणी कथेत लिहिलं असतं तर जरा जास्तच झालं म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात कोलोराडोकडून ३३-२८ नं हार, नवखा क्वार्टरबॅक जखमी. मग ट्रॉयकडून हार, मग मिशिगनकडून ५६-१०. त्या मॅचनंतर फ्रॉस्ट म्हणाला की हा तळ आहे, आम्हाला हरवायचं असेल त्यांनी आत्ताच हरवून घ्या. त्यांनी घेतलं, लागोपाठ. ०-६, टीमच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा. नंतर चार जिंकले आणि ४-८ वर सीझन संपला, म्हणजे रायलीला ज्या आकड्यावर काढलं तोच आकडा. फरक इतकाच की आता कोणी चिडलं नाही. शेवट बरा झाला ना, ओहायो स्टेटला पाचच पॉइंटनं हरलो ना, आयोवाला तीननं. पुढच्या वर्षी बघा.

आणि पुढच्या वर्षी २०१९ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच देशातल्या पत्रकारांनी त्यांना २४ वा नंबर दिला. चार जिंकलेल्या टीमला! हे फक्त लिंकनच्या लोकांचं खूळ नव्हतं हे इथे लक्षात घ्या. त्या वर्षी ५-७. पण त्याच नोव्हेंबरमध्ये, टीम ४-५ वर असताना, युनिव्हर्सिटीनं त्याचा करार दोन वर्षं वाढवून २०२६ पर्यंत नेला. कशासाठी? कोणी त्याला पळवून नेऊ नये म्हणून का? पुढे जी दीड कोटीची भरपाई गळ्यात पडली तिचं मूळ या वाढीतच आहे, आणि तेव्हा ओरड करणारे फार थोडे होते कारण घरच्या पोरावर विश्वास दाखवतोय असं ते वाटलं.

२०२० कोविडचं वर्ष, ३-५, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

२०२१ वर मात्र थांबायलाच पाहिजे. ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी पॉइंटनं. सीझनभरात या टीमनं समोरच्यांपेक्षा ६० हून जास्त पॉइंट केले आणि तरी नऊ मॅच हरली. हे वाचून तुम्हाला काय वाटतं? दुर्दैव, बरोबर? लोकांनाही तेच वाटलं. एका चुकीनं गेली, एका किकनं गेली, जरासं राहिलं. फ्रॉस्टच्या पाच वर्षांत एका टचडाउनच्या आत-बाहेर ठरलेल्या मॅचेसचा हिशोब ५ विजय, २२ पराभव असा आहे. नाणं सत्तावीस वेळा उडवलं आणि पाचदाच छापा आला तर नशिबाला दोष द्यायच्या आधी नाणं बघायला नको का? मिशिगन स्टेटविरुद्ध जिंकत आलेली मॅच होती, पंटच्या वेळी, म्हणजे बॉल लांब मारून समोरच्याला देतात तेव्हा, सगळी पोरं उजवीकडे धावली आणि किक गेली डावीकडे, समोरच्यानं मोकळ्या रानातून टचडाउन केला आणि मॅच गेली ओव्हरटाइमला, तिथे हरले. आता हे कळल्यावर की त्या वर्षी किकिंगच्या खेळासाठी मैदानावर उतरू शकेल असा वेगळा पूर्णवेळ कोचच ठेवलेला नव्हता, याला दुर्दैव म्हणायचं का?

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. लोकांच्या अपेक्षेनं फ्रॉस्टवर दडपण आणलं असेल नसेल, मला माहीत नाही, माणसाच्या मनातलं कोण सांगणार. पण त्या अपेक्षेनं त्याला एक कवच दिलं हे आकड्यात दिसतं. बाहेरून आलेल्या कोचनं ०-६ नं सुरुवात केली असती, पंटचा कोच ठेवला नसता, आणि तीन वर्षांत एकदाही बाउल गाठला नसता तर त्याला दर सोमवारी जाब विचारला असता. याला विचारायचं म्हणजे आपल्याच १९९७ ला विचारायचं. मग प्रत्येक पराभव ‘थोडक्यात गेला’ या खात्यात जमा होत राहिला.

तोपर्यंत त्याला आणणारा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळांचा प्रमुख, गेला होता आणि ट्रेव्ह अल्बर्ट्स आला होता, तो पण नेब्रास्काचाच जुना खेळाडू. त्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रॉस्टला ठेवलं, पण पगार ५० लाखांवरून ४० लाख केला, आक्रमणाचे चार असिस्टंट कोच गेले, आणि १ ऑक्टोबर २०२२ ची ती भरपाईची अट घातली गेली. म्हणजे घरचाच माणूस घरच्या पोराला म्हणत होता, बाबा रे, आता शेवटचं. २०२२ ला हेलियमची टंचाई होती म्हणून लाल फुगे पण बंद झाले.

ऑगस्टमध्ये डब्लिनला, आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध पहिली मॅच. २८-१७ नं पुढे, आणि फ्रॉस्टनं ऑनसाइड किकचा जुगार खेळला, म्हणजे बॉल मुद्दाम जवळ मारून आपणच परत मिळवायचा. तो समोरच्यांना मिळाला, मॅच ३१-२८ नं गेली. अकरा पॉइंटनं पुढे असलेला माणूस असा जुगार का खेळतो? माझा अंदाज असा की नुसतं जिंकून त्याला पुरणार नव्हतं, त्याला एका फटक्यात पाच वर्षं पुसायची होती.

१० सप्टेंबरला जॉर्जिया सदर्न. लहान लीगमधलं कॉलेज, आणि त्यांचा कोच क्ले हेल्टन, ज्याला बरोबर वर्षापूर्वी सदर्न कॅलिफोर्नियानं सीझनच्या दुसऱ्या मॅचनंतर असाच हाकललेला. त्यांनी ६४२ यार्ड काढले आणि शेवटच्या मिनिटात टचडाउन करून ४५-४२ नं जिंकले. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त पॉइंट केल्यावर नेब्रास्का त्याआधी २१४ वेळा जिंकलं होतं आणि एकदाही हरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट गेला. १६ विजय, ३१ पराभव.

ते ७५ लाख डॉलर मला आता वाया गेलेले वाटत नाहीत. नव्वद हजार लोकांना अजून दोन-तीन शनिवार त्याच माणसाकडे बघायला लावणं हे कोणालाच झेपणारं नव्हतं, त्यालाही नाही.

पुढे काय झालं

नोव्हेंबर २०२२ ला मॅट रूल आला, बाहेरचा, आठ वर्षं, ७.४ कोटी डॉलर, फ्रॉस्टपेक्षा कितीतरी महाग. पहिल्या वर्षी ५-७, तरी फार बोंब झाली नाही, कारण तो १९९७ चा कोणीच नव्हता आणि त्याला त्याच्याच आकड्यांवर मोजता येत होतं. फ्रॉस्ट डिसेंबर २०२४ मध्ये परत यूसीएफला गेला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये बोलून गेला की नेब्रास्काला जायचं त्याच्या फारसं मनात नव्हतं, आपल्या कॉलेजला मदत करायची म्हणून ओढला गेला. लिंकनमध्ये लोक भडकले, साहजिक आहे. पण मला ते वाक्य खोटं वाटलं नाही. सगळं राज्य बोलवत असताना वुड रिव्हरचा पोरगा नाही कसा म्हणणार होता?

आणि रूलच्या दुसऱ्या वर्षी, २०२४ ला, नेब्रास्कानं २०१६ नंतर पहिल्यांदा बाउल गाठला. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ नं हरवून सीझन ७-६ वर संपवला. सात विजय, आणि लोक खूश. सोलिच ९-३ वर गेला होता.